उत्तमच्या लग्नातली करवली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लहान मुलांवर उपचार करणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या जिभेवर साखर आणि डोक्यावर बर्फ असणार. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. होती ती एक खोली, ठाण्यातल्या एका सरकारी इस्पितळात, एक्स-रेच्या शेजारी, आणि दारावर पाटी : ऑक्युपेशनल थेरपी. हा शब्द एवढा लांबलचक, की खालचा कारकून केसपेपरवर नुसतं 'ओटी' लिहायचा आणि माझे पेशंट ऑपरेशन थिएटरसमोरच्या बाकावर तासन् तास घाबरून बसून राहायचे. मी जाऊन त्यांना शोधून आणायचे.

ही १९८८ सालची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या शेजारणी विचारायच्या, "मधु, म्हणजे तू मालीश करतेस का गं?" मी चिडून सांगायचे, की माणसाला रोजचं जगणं स्वतःच्या हाताने जगता यावं, जेवता यावं, कपडे घालता यावेत, शाळेत बसता यावं, खेळता यावं, म्हणून जे काही करावं लागतं ते मी करते. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझी कंबर जरा बघशील?"

डिसेंबरात एका मंगळवारी मनुबाई आली. चेंदणी कोळीवाड्यातली, साठीच्या घरातली, मासे विकणारी. माशांची पाटी तिने दाराबाहेर ठेवली होती, पण वास आत आलाच, आणि मी रुमाल नाकाला लावलेला तिने बरोबर पाहिला. "मासली खात नाय वाटतं तू," ती म्हणाली. "मंग एवढं काम करायला ताकद कुठनं येते गो?" तिच्या मागे, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, साडेसहा वर्षांची नात उभी होती. जनी.

जनी माझ्याकडे बघत नव्हती. छताच्या पंख्याकडे बघत होती. चवड्यांवर चालत होती. हाक मारली तर तिला ऐकूच येत नाही असं वाटे, पण एक्स-रेच्या खोलीतलं मशीन घरघरलं की दोन्ही कान दाबून किंचाळायची. बोलणं म्हणजे चार-पाच शब्द, तेही आजीचेच, आजीच्याच सुरात. कुणी गालाला हात लावला तर चटका बसल्यासारखी मागे सरायची. वरच्या डॉक्टरांनी कागदावर 'मतिमंद' लिहून माझ्याकडे पाठवलं होतं. मी त्याखाली 'ऑटिझम' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. आज 'स्वमग्न' हा शब्द शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. तेव्हा मला स्वतःलाही ऑटिझम फक्त कॉलेजच्या वहीतून ठाऊक होता. जनी ही माझी तशी पहिलीच पोर.

पहिलीच, म्हणून मी जोरात सुरुवात केली. माझ्याकडे लाकडी चौकटीवर ताणलेलं एक कापड होतं, त्याला सहा मोठी बटणं. ठोकळे होते. मणी ओवायची दोरी होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जनीला टेबलाशी बसवायचे, आणि जनी टेबलाखाली जाऊन बसायची. मी ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचे, ती एक ठोकळा उचलून त्याची कड डोळ्याजवळ नेऊन बघत राहायची. बटण तर तिने एकदाही लावलं नाही. मी चिकाटी धरली. खरं सांगायचं तर चिकाटी नव्हती ती, हट्ट होता. सहा आठवड्यांनी मनुबाईने विचारलंच.

"ही बटनं लावून काय होनार गो? आमची पोर परकर-झंपर घालते. झंपराला हुक असतो."

"आधी बटण, मग हुक," मी म्हणाले. "क्रम असतो त्याला."

"कोनाचा क्रम?"

मी रागावले. म्हणाले, उपचारात ढवळाढवळ करायची नाही. तुम्ही मासे कसे विकायचे ते मी सांगते का? मनुबाईने पाटी डोक्यावर घेतली, जनीला पदराशी घेतलं आणि गेली. पुढच्या शुक्रवारी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. तीन आठवडे झाले, आणि माझा राग काही उतरेना. एका दुपारी मी पर्स उचलली आणि तिला फैलावर घ्यायला थेट कोळीवाड्यात गेले.

मनुबाई अंगणात सुकट पसरत होती. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "काय गो बाय, पोलिसावानी आलीस ती?"

ओट्यावर तिचा थोरला मुलगा चंदू बसला होता, जनीचा बाप. कंपनीत शिफ्टला जायचा. त्याने मला बसायला पाट दिला आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला. "मॅडम, राग नका मानू. सहा हप्ते झाले, काय फरक नाय. आता घरात लगीन काढलंय. उत्तमचं, माझ्या धाकट्या भावाचं, वैशाखात. आम्ही ठरवलंय, लग्नाच्या टायमाला पोरीला मोहन्याला ठेवायची, तिच्या मामाकडे. चार दिवस. इथं बँड असतो, माणसं असतात. तिला बी त्रास, लोकांना बी त्रास."

मनुबाईच्या हातातली सुकट खाली पडली. "तू ठरवलंस," ती म्हणाली. "मी नाय ठरवलं."

आत त्याची बायको मालन तान्ह्या मुलाला थोपटत होती. तिचं थोपटणं थांबलं. मला भांडणात पडायचं नव्हतं. मी तर माझं भांडण घेऊन आले होते. मी विचारलं, "जनी कुठे आहे?"

"ती काय," मनुबाईने हनुवटीने दाखवलं.

ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या जाळ्यांचा ढीग होता. ढिगातून एक लहान पाऊल बाहेर आलं होतं. मी ओरडलेच. "अहो, गुदमरेल ती!"

"रोज निजते तिथं," मनुबाई म्हणाली. "जेवढं वजन, तेवढी गप. सकाळी उठली का नळावर जाते, कलशी भरून आनते. थेंब सांडत नाय. बाराला जेवते, मंग जाळ्यात."

"कळशी? भरलेली? ही उचलते?"

"मंग काय मी उचलते? माझे गुडघे बघ."

मी पाट सोडून जमिनीवर बसले. ज्या पोरीला मी दीड महिना तीन ठोकळे एकावर एक ठेवायला लावत होते, ती रोज सकाळी पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी कमरेवर घेऊन, माणसांच्या रांगेतून, दगडी बोळातून, न सांडता घरी आणत होती. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, की ही घरी काय करते. मला माझीच एवढी लाज वाटली, की सुकटीचा वास यायचा बंद झाला.

वहीत वाचलेलं मग एकेक करून आठवायला लागलं. अशा काही मुलांना हलका स्पर्श सहन होत नाही, अंगावरून मुंगी फिरावी तसा तो त्यांना छळतो. पण भार, दाब, जड काहीतरी उचलणं, ओढणं, याने त्यांना आपलं अंग कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं. जीव शांत होतो. परदेशात यासाठी खास रजया शिवतात असं वाचलं होतं. जनीने ती रजई स्वतःच शोधून काढली होती, खाडीच्या पाण्यात भिजलेली.

"मनुबाई," मी म्हणाले, "माझं चुकलं. मी आधी विचारायला हवं होतं. या पोरीने काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "उत्तमच्या लग्नात करवली."

चंदू हसला, पण ते हसू दुखरं होतं. मनुबाई त्याच्याकडे पाठ करून मला सांगायला लागली. नवऱ्यामागे कऱ्याचा मान घरच्या मुलीचा. तांब्याचा करा, त्यात पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. नवरा घरातून निघाला की करवली त्याच्या मागे चालते, आणि मांडवात पाय ठेवण्याआधी आंब्याचं पान पाण्यात बुडवून त्याच्या डोळ्यांना लावते. त्यांच्या घरची ही रीत. मनुबाईला मुलगी नाही, दोन्ही मुलगे. घरात एकच लेक, ती जनी. "घरची लेक असताना दुसऱ्याची पोर मागं उभी करू? आनि आमची मोहन्याला बसंल? उद्या मी मेले का तिला कोन म्हननार, ही या घरची म्हनून?"

हे ऐकल्यावर मी बटणांची चौकट विसरले ती कायमची.

त्या दिवसापासून माझी खोली इस्पितळातून कोळीवाड्यात आली. आठवड्यातून दोन दिवस ड्युटी संपली की मी तिथे जायचे, आणि रोजचं काम घरचे करायचे. पहिल्या दिवशी करा पाण्याने भरून जनीच्या कमरेवर दिला. तिने तो असा सहज घेतला, की चंदू ओट्यावरून उठून उभा राहिला. घरापासून गल्लीच्या टोकापर्यंत, मग देवळापर्यंत, मग जिथे मांडव उभा राहणार होता तिथपर्यंत. रोज दुपारी चारला तीच वाट, तोच करा, पुढे उत्तम. उत्तम अजून खाडीत मासेमारीला जायचा, चित्रंही बरी काढायचा. त्याने पुठ्ठ्याच्या पाच तुकड्यांवर पाच चित्रं काढली : घर, करा, बँड, मांडव, पाणी लावलेले डोळे. जाळ्याच्या सुतात ओवून ती जनीच्या मनगटाला बांधली. एक टप्पा झाला की ती एक चित्र उलटं करायची. पुढे काय येणार ते कळलं, की तिचं किंचाळणं निम्म्याने कमी झालं. आपल्याला तरी न सांगता कुणी कुठे ओढत नेलं तर आपण काय गप्प बसतो?

नवा परकर जरीचा, कडक. तो तिने घातला आणि लगेच फाडून काढायला लागली. मालनने मग स्वतःची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी कापून आतून अस्तर लावलं, आणि झंपर उलटं शिवलं, शिवणी बाहेर. जनीची आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती तेव्हा. "बाई, हे मला आधी का नाय सुचलं?" मी म्हटलं, "मला तरी कुठे सुचलं?"

सगळ्यात मोठं भांडण झालं ते बँडवरून. बँडमास्तर रघु कोळीवाड्यातलाच. त्याच्या पथकात पुढे तो स्वतः क्लॅरिनेट घेऊन, मागे ढोल. मी त्याला रोज दोन मिनिटं, लांबून, वाजवायला सांगितलं. पहिल्या दिवशी जनी खाटेखाली गेली. दहाव्या दिवशी कळलं, की तिला छळते ती क्लॅरिनेट. ढोल तिला आवडतो. ढोल वाजला की ती पोटावर हात ठेवून उभी राहायची, आणि तिचा चेहरा निवळायचा. मी रघुला म्हटलं, ढोल जनीजवळ ठेवायचा, क्लॅरिनेट पार शेवटी.

"मॅडम, क्लॅरिनेट मागे?" त्याचा आवाजच चढला. "मी काय वरातीच्या शेपटाला वाजवू? लोक शेण घालतील तोंडात!"

"मग घरी बसा, मी नुसता ढोल बोलावते," मी म्हणाले. माझा स्वभाव अशा वेळी उपयोगी पडतो. तो दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी क्लॅरिनेट घेऊन गुपचूप मागे जाऊन उभा राहिला.

विरोध उरला होता तो दगडाबाईचा. मनुबाईची थोरली नणंद, लग्नाकार्यात सगळ्यांनी जिचं ऐकायचं अशी. "करवली म्हंजे मांडवाची शोभा," ती म्हणायची. "मधेच बोंबलली तर नव्या सोयऱ्यांसमोर काय इज्जत राहील?" ती सुरुवातीला नुसती बघायला यायची, दारात उभी राहून मान हलवायची. मग एक दिवस मी उशिरा पोचले तर बघते, दगडाबाई स्वतः ओट्यावर उभी आणि पोरांना दम देतेय, "गालाला हात लावायचा नाय तिच्या. लावायचाच तर खांद्यावर, असा दाबून!" मार्च संपता संपता चारची फेरी दगडाबाईच्याच ताब्यात गेली. मला कुणी विचारेना. मला फार बरं वाटलं.

अवघड होतं ते डोळ्यांना पाणी लावणं. जनी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायची नाही, मग हात कुठला लावतेय? उत्तमने एका नारळावर कोळशाने डोळे काढले. महिनाभर तिने त्या नारळाच्या डोळ्यांना पाणी लावलं. मग उत्तम समोर बसला. तिने मान फिरवली. रोज फिरवायची. एक दिवस बिचारा खाडीतून थकून आला होता, बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले, आणि जनीने शांतपणे पान बुडवून त्याच्या दोन्ही पापण्यांना लावलं. तेव्हा आम्हाला उमगलं. बघणारे डोळे तिला नकोसे होते, मिटलेले चालत होते. पण उत्तमशिवाय दुसऱ्या कुणाला तिने पाणी लावलं नाही, अगदी आजीलाही नाही. मी म्हटलं, नको. एकाचं पुरे आहे.

लग्न वैशाखात, सकाळी अकराचा मुहूर्त. मी डोंबिवलीहून माझी एकुलती एक बरी रेशमी साडी नेसून आले. कोळीवाडा फुलून गेला होता. उत्तम फेटा बांधून तयार, जनी उलट्या शिवणीच्या झंपरात, कानांत कापूस, वरून घट्ट बांधलेला रुमाल. मनुबाईने सगळ्यांना बजावलं होतं, टाळी वाजवायची नाय, आरडायचं नाय. दगडाबाईने नारळ बसवलेला करा जनीच्या कमरेवर दिला. ढोल सुरू झाला. नवरा निघाला.

दहा पावलं झाली असतील. जनी थांबली. कऱ्याकडे बघितलं, तो हलवला, आणि खाली आदळला. नारळ घरंगळत गेला. ती रस्त्यातच बसली, मनगट दातात धरलं, आणि तिने जी किंकाळी फोडली ती मी डिसेंबरानंतर ऐकली नव्हती.

 मी धावले. खांदे दाबले, चित्रं दाखवली, ढोल थांबवला, लोकांना मागे हटवलं. जे जे शिकले होते ते सगळं केलं, आणि कशाचा म्हणून उपयोग होईना. मालन रडायला लागली, "तरी हे म्हनत होते, मोहन्याला धाडा." पाहुण्यांत कुजबुज वाढली. भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली. कुणीतरी एका पाहुण्याच्या फ्रॉकवाल्या मुलीला पुढे आणलं, हिच्या हातात करा द्या आणि चला म्हणून.  मनुबाईचा चेहरा बघवत नव्हता. पाच महिन्यांचं काम गेलं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. या म्हातारीला आता सगळ्यांसमोर दुसऱ्याची पोर उभी करावी लागणार, एवढंच वाटत होतं.

चंदूने वाकून करा उचलला, त्या मुलीला द्यायला. आणि तसाच थांबला. त्याने तो हातात वर-खाली तोलून पाहिला.

"आई," तो म्हणाला, "हा रिकामा हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दगडाबाईने तोंडावर हात नेला. "मीच ओतलं पानी," ती म्हणाली, आणि तिचा तो दमदार आवाज एवढासा झाला. "म्हटलं ऊन हाय, लेकराचा हात दुखंल, नवा परकर भिजंल. नारलानं तोंड बंद, कोनाला काय दिसतंय."

तिच्यावर रागवायचं तरी कसं? सगळ्यांत जास्त ज्या बाईने जनीला रोज चालवलं, तिनेच मायेने तिचा भार काढून घेतला होता. आणि मी, शिकलेली, सगळे उपाय करून बसले, पण करा उचलून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

चंदू कुणासाठी थांबला नाही. शेजारच्या दारातल्या पिंपात त्याने करा बुडवला. "काठोकाठ भरा," मी ओरडले.

"ठाव हाय मना," तो मागे न बघता म्हणाला. "फर्स्ट शिफ्ट नसली का सकाळी नळावर तिच्या मागं मीच उभा असतो."

त्याने पानं पुन्हा लावली, नारळ बसवला, आणि जनीच्या समोर मांडी घालून, लग्नातल्या नव्या पँटवर, रस्त्यातच बसला.  करा तिच्या मांडीवर ठेवला आणि हात काढून घेतला. जनीची किंकाळी अर्ध्यावर राहिली. तिने मनगट तोंडातून काढलं. दोन्ही हातांनी करा पोटाशी दाबला, पानांच्या मधून बोट पाण्यात घातलं, हलवलं. मग एक लांब श्वास सोडला, उठली, करा कमरेवर घेतला, आणि उत्तमच्या मागे जागेवर जाऊन उभी राहिली. जणू उशीर आम्हीच केला होता.

रघुने ढोलवाल्याला खूण केली. त्या दिवशी चेंदणीत बँड शेपटाने वाजत गेला आणि कुणी हसलं नाही.

मांडवाच्या दारात उत्तम वाकला आणि त्याने डोळे मिटले. जनीने पान बुडवलं. उजव्या डोळ्याला लावलं, डाव्या डोळ्याला लावलं. टाळी वाजवायची नव्हती, म्हणून दोनशे माणसं तशीच, ओठ दाबून, हसत उभी. एवढी आनंदी शांतता मी परत कधी ऐकली नाही. माझ्या हिशेबाने काम इथे संपलं होतं. शेवटचं चित्र तिने उलटं केलं होतं.

पण दगडाबाई तिथेच खांबाशी उभी होती, डोळे मिटून, पश्चात्तापाने देवाचं नाव घेत. जनीने तिच्याकडे पाहिलं. मिटलेले डोळे. ती पुढे गेली, आणि तिने दगडाबाईच्या डोळ्यांना पाणी लावलं. दगडाबाई दचकली, पण डोळे तिने उघडले नाहीत, शहाणी बाई. मग चंदू वाकला. मग मालन, कडेवरच्या बाळासकट. मग मनुबाई. तिचे डोळे मिटलेले होते तरी गालांवरून पाणी वाहत होतं, आणि जनीने त्यातच आपलं पाणी लावलं. मग ओळच लागली. भटजी घड्याळ दाखवायला लागले, तर मनुबाईने त्यांनाच वाकवलं. "मिटा डोलं, भटजीबुवा, मुहूर्त कुठं पलून जात नाय." त्यांच्याही डोळ्यांना पाणी लागलं.

मी बाजूला, दाराच्या कोपऱ्यात उभी होते. जनी माझ्यासमोर आली. मी डोळे मिटले आणि वाकले. काहीच झालं नाही. किंचित उघडून पाहिलं, तर ती माझ्या चष्म्याकडे बघत होती. काचेला पाणी लावून चालणार नाही, हे तिला कळलं होतं, आणि एका हाताने चष्मा निघणार नव्हता. माझा हात सवयीने मदतीला वर गेला. मी तो धरून ठेवला. त्या दिवसभरात मी केलेलं सगळ्यात कठीण काम ते.

"धर," जनी म्हणाली, अगदी आजीच्या सुरात. आणि पाणी भरल्यापासून जो करा तिने कमरेवरून उतरवला नव्हता, तो माझ्या हातांत दिला.

खरंच जड होता. मी तो पोटाशी धरला. तिने दोन्ही हातांनी माझ्या कानांवरून चष्मा काढला, स्वतःच्या दातांत धरला, पान बुडवलं आणि माझ्या दोन्ही पापण्यांना थंडगार पाणी लावलं. मग चष्मा परत चढवला, एक काडी कानावर, एक केसांत. करा माझ्याकडून घेतला आणि पुढच्या माणसाकडे गेली.

"हे कवा शिकवलंस गो?" मनुबाईने माझ्या दंडाला धरून विचारलं.

"मी नाही शिकवलं," मी म्हणाले. "मनुबाई, हे मी नाही शिकवलं!" आणि आम्ही दोघी त्या मांडवाच्या दारात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, एकमेकींना धरून वेड्यासारख्या हसत सुटलो. लग्न पाऊण तास उशिरा लागलं.